धार नसलेलं पातं

मामाने मुंबईच्या चोर बाजारातून आणलेली वस्तू सतरंजीवर पसरली, तेव्हा दांड्याचं टोक थेट खिडकीपाशी गेलं. साडेसहा फूट लांब. वर पितळेचं रुंद पातं, चंद्रकोरीसारखं मागे झुकलेलं. पात्याच्या बुडाशी जबडा वासलेला ड्रॅगन. पातं त्याच्या तोंडातून बाहेर पडतंय असं वाटावं. पाठीवर ज्वाळेसारखा काटा, त्याला भोक, भोकात लाल गोंड्याचे मळकट धागे. एका अंगावर रेषेने जोडलेले सात ठिपके आणि त्यांच्याखाली चिनी अक्षरांची उभी ओळ, निम्मी झिजलेली. दुसरं अंग कोरं.

मामा 34 वर्षं कोल्हापूरला फाउंड्रीत होता. मी एका संग्रहालयासाठी वस्तूंच्या नोंदी करते आणि पुण्यात दोन वर्षं चिनी शिकले आहे, तेही मुख्यतः भांड्यांच्या बुडावरचे शिक्के वाचता यावेत म्हणून. एकाच वस्तूकडे आम्ही दोघे कसे बघतो ते त्या दुपारी पहिल्यांदाच इतकं समोरासमोर आलं. झालेलं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं लिहिते आहे.

मामा : विकणारा म्हणाला, चीनच्या बादशहाची तलवार आहे. दोन होत्या त्याच्याकडे. दुसऱ्यावर नक्षी उलट्या अंगाला पडली होती, म्हणून चांगली तेवढी उचलली. आता हे बघ. (लोहचुंबक पात्यावर टेकवतो.) चिकटत नाही. म्हणजे पोलाद नाही, आत पोलादाचा गाभाही नाही. पितळ. आता व्हर्नियर लावतो. कडेला 1.6 मिलिमीटर. मध्यावर 1.6. पाठीला 1.6.

मी : म्हणजे?

मामा : घडीव पातं पाठीला जाड असतं आणि धारेकडे निमुळतं होत जातं. हे सपाट पत्र्यातून कापलंय आणि कानशीने कडा मारल्यात. वापरून बोथट झालेलं नाही हे, याला धार लावायचा विचारच कुणी केला नव्हता. ड्रॅगनही पोकळ आहे. पत्र्याचे दोन अर्धे मागून ठोकून उठाव दिलाय आणि मधोमध झाळलंय. डोकं काढून काट्यावर ठेवलं, 1 किलो 100 ग्रॅम भरलं. ढालीवर एक वार बसला तर या ड्रॅगनची मान मोडेल. शस्त्र म्हणून नकली आहे, विषय संपला. रात्री चिंच-मिठात घालतो, सकाळी सोन्यासारखी दिसेल.

मी : चिंच थांबव आधी. हात जोडते. तू म्हणतोस ते सगळं मला मान्य आहे, फक्त शेवटचा शब्द नाही.

मामा : कुठला?

मी : नकली. नकली म्हणजे जे आपण नाही ते असल्याचं भासवणारं. याने काय भासवलं ते आधी ठरवायला नको का? याच्या घाटाला नाव आहे : यान-युए-दाओ, म्हणजे पहुडलेल्या चंद्राचं पातं. लोक त्याला गुआनदाओ म्हणतात, गुआन यू या सेनापतीचं पातं. सोंग राजवटीत 1044 साली युद्धशास्त्राचा एक मोठा ग्रंथ तयार झाला, वूचिंग चोंगयाओ. त्यात लांब दांड्याच्या पात्यांमध्ये हा घाट चित्रासकट आहे. लढण्यासाठी केलेलं पातं कसं असायचं? मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये पोलादाचा थर घालून घडवलेलं, पाठ जाड, बूड लांब आणि दांड्यात खोलवर ठोकलेलं. दांड्याच्या खालच्या टोकाला लोखंडी टोपण, तोल राखायला आणि जमिनीत रोवायला. ड्रॅगनचा जबडा तिथेही असे, पण तो पातं आणि दांडा यांचा जोड आवळून धरणारं कडं असे. इथे तो जोड नावापुरता उरलाय.

मामा : मग मी वेगळं काय म्हणतोय? खऱ्याची नक्कल.

मी : आता हे ऐक. ज्याच्या नावाचं हे शस्त्र, तो गुआन यू इसवी सन 220 मध्ये मारला गेला. त्याच शतकात चेन शोऊ नावाच्या इतिहासकाराने त्याचं चरित्र लिहिलं. त्यात तो यान लिआंग या शत्रूच्या सेनापतीला गर्दीत घुसून ठार करतो, आणि तिथे क्रियापद आहे भोसकण्याचं. पात्याने तोडण्याचं नाही. त्याच्या हातात बहुधा भाल्यासारखं काही असावं. हा चंद्रकोरीचा घाट त्याच्यानंतर कितीतरी शतकांनी आला. ‘तीन राज्यांची कथा’ ही कादंबरी लुओ ग्वानचोंगच्या नावावर आहे, तिची उपलब्ध सर्वांत जुनी छापील प्रत 1522ची. त्या कथेने हे पातं त्याच्या हाती कायमचं दिलं आणि वजनही सांगितलं : 82 चिन.

मामा : चिन म्हणजे किती?

मी : काळाप्रमाणे बदलतं. गुआन यूच्या काळचं धरलं तर पाव किलोहूनही थोडं कमी, म्हणजे 18 किलोच्या आसपास. कादंबरी छापली गेली तेव्हाचं धरलं तर 600 ग्रॅमच्या जवळ, म्हणजे 48 किलो.

मामा : 48 किलो घेऊन घोड्यावर? घोडाच बसेल. म्हणजे बघ, त्याच्या हातात कधी नव्हतंच असं शस्त्र, त्याला कथेने अशक्य वजन दिलं, आणि आपल्यासमोर त्या कथेतल्या शस्त्राची पत्र्याची नक्कल. तूच माझी बाजू मांडलीस.

त्याचं म्हणणं बिनतोड होतं, निदान त्याच्या वाटेने चाललं तर. तो नेहमी धातूपासून निघतो आणि धातूपाशीच थांबतो. ही शिस्त मी त्याच्याकडूनच शिकले आहे. पण ‘याने लढता येईल का’ या एका प्रश्नावर चिनी दांडशस्त्रं मोजायला घेतली, तर कितीतरी वस्तू खोट्या ठरतील, आणि त्या करणाऱ्यांनी त्या तशाच, पूर्ण समजून केलेल्या आहेत.

मी : मामा, भालदार-चोपदार आठव. दरबारात चोपदाराच्या हातात चांदीची काठी असायची. ती नकली काठी होती का?

मामा : तिने कधी तलवार असल्याचं सोंग घेतलं नाही.

मी : भालदाराचा भाला?

मामा : (जरा थांबून) भालदाराचा भाला खरा असायचा. वेळ आली तर चालला असता. हे चालणार नाही. माझा मुद्दा तिथेच आहे.

मी : मग तांग राजवटीत जा. सातव्या-आठव्या शतकात मोठ्या अधिकाऱ्यांच्या आणि राजपुत्रांच्या दाराशी शस्त्रं ठेवायच्या घोडीवर ओळीने ‘जी’ उभे करत. जी म्हणजे भाल्याचं टोक आणि बाजूला आडवं पातं असलेलं शस्त्र. किती उभे करायचे ते हुद्द्यावर ठरे. ते जी लाकडाचे असत, रंगवलेले. शिआनजवळच्या राजपुत्रांच्या थडग्यांमधली भित्तिचित्रं पाहिलीस तर या घोड्या स्पष्ट दिसतात. दाराशी उभा असलेला जी कुणाला भोसकायला ठेवलेला नव्हता. आत कोण राहतं, ते येणाऱ्याला सांगायला होता. लोखंडाचा केला असता तर काय फरक पडला असता?

मामा : दणकट झाला असता.

मी : आणि वाचायला तेवढाच लागला असता. पुढे तर हे शस्त्र निव्वळ शब्द होऊन गेलं. ‘जी’चा उच्चार हुद्द्याच्या पायरीसाठी असलेल्या शब्दाशी जुळतो आणि मंगल या अर्थाच्या शब्दाशीही. म्हणून छिंग राजवटीतल्या नक्षीत फुलदाणीत तीन जी खोचलेले दिसतात, शेजारी शंग नावाचं फुंकवाद्य. फुलदाणी म्हणजे शांतता, शंग म्हणजे चढणं, तीन जी म्हणजे तीन पायऱ्या. सगळं मिळून, सुखरूप तीन पायऱ्या वर चढ. नोकरीला लागलेल्या मुलाला द्यायची भेट. तिथल्या त्या जीला धार आहे का, असं कुणी विचारत नाही.

मामा : श्लेष आहे, सुंदर आहे. पण तो चित्रातला जी. इथे साडेसहा फुटांची वस्तू समोर पडलीय.

त्याने हे म्हटलं आणि मला माझीच एक आवडती गोष्ट आठवली. ती त्याच्या बाजूची होती, तरी सांगितली. छिंग काळात फौजेतल्या अधिकाऱ्यांची परीक्षा होत असे. धनुष्य ओढणं, दगड उचलणं आणि एक जड गुआनदाओ फिरवणं. हे परीक्षेचं पातं 80, 100 आणि 120 चिनांचं असे. छिंग काळचा चिन जवळजवळ 600 ग्रॅमचा, म्हणजे सर्वांत हलकं पातंच 48 किलोचं. त्याने कुणी लढत नसे. ताकद दाखवायला ते होतं, आणि 1901 मध्ये ही परीक्षा बंद होईपर्यंत उमेदवार ते अंगाभोवती फिरवत राहिले.

मामा : (डोळे चमकतात) जेजुरीचा खंडा!

मी : तोच मनात होता. दसऱ्याला जेजुरीला सुमारे 42 किलोचा खंडा दातांत धरून, एका हाताने तोलून दाखवतात. त्याने कुणाचं डोकं उडवायचं नसतं. पण त्याला नकली तलवार म्हणून तर बघ गावात.

मामा : नाही म्हणणार. कारण तिथे वजन खरं आहे. कस लागतो. त्या 80 चिनांच्या पात्यातही तोच कस आहे. वस्तूने कुठलंतरी एक काम खरंखुरं करायला हवं, एवढंच माझं म्हणणं. याने कुठलं काम केलं ते सांग, शब्द मागे घेतो.

हा प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे त्याचं उत्तर अजून नव्हतं. होते ते नुसते दाखले.

आम्ही वस्तू पुन्हा पहिल्यापासून पाहायला घेतली. यावेळी तुकड्यातुकड्याने, कारण अशी वस्तू एका वयाची क्वचितच असते. दांडा आधी निकालात निघाला. सागवान, पॉलिश केलेलं, आणि पितळेचं डोकं त्यावर यंत्राने आटे पाडलेल्या दोन स्क्रूंनी बसवलेलं. चीनमध्ये दांड्याला लवचीक पांढरी ॲश किंवा लाखेचं रोगण दिलेलं दुसरं लाकूड वापरतात. हा सागवानी दांडा इथे, भारतात कुणीतरी घातला आहे, आणि तोही फार जुना नाही. गोंडा दांड्याच्या आधीचा, पण पात्याइतका जुना म्हणता येणार नाही. तो झिजला की बदलत असणार. म्हणजे वय काढायचं ते डोक्याचंच.

मामाने स्क्रू पुन्हा काढले. खोबणीत टॉर्च मारली आणि बराच वेळ काहीच बोलला नाही.

मामा : आत लाल आहे.

मी : बघू. (बघते.) लाख. चिनी लाल रोगण. आधीचा दांडा लाल होता, त्याचं रोगण आत चिकटून राहिलंय. देवळातल्या आणि मिरवणुकीतल्या दांड्यांचा हा नेहमीचा रंग. आता ड्रॅगनच्या नाकपुड्या बघ.

मामा : काळं भरलंय. (नखाने जरासं खरवडून वास घेतो.) तेल नाही. ग्रीस नाही. चिकट काजळी आहे... उदबत्तीसारखा वास येतो गं. का मला उगीच वाटतंय?

मी : उगीच नाही. खवल्यांच्या खाचांतही तीच काजळी आहे, आणि वरच्या बाजूला जास्त. म्हणजे हे उभं होतं, पातं वर करून, आणि समोर वर्षानुवर्षं उदबत्त्या जळत होत्या. तू हेच रात्री चिंचेच्या पाण्यात सोडणार होतास.

मामा : (वस्तू हळूच खाली ठेवतो.) थांब. अजून एक आहे, हे मला मघाशीच दिसायला हवं होतं. नक्षीच्या अंगाला ड्रॅगनचे खवले जवळजवळ सपाट झालेत. मागच्या अंगाला खवल्यांची धार बोटाला लागते. हाताळून झिजलं असतं तर दोन्ही अंगांनी झिजलं असतं. हे एकाच बाजूने घासलंय. कुणीतरी दर सणाला समोरून पुसायचं, आणि मागची बाजू भिंतीकडे. घोडीवरून न काढताच पुसायचं.

मी : आता तूच सांग, याचं काम काय होतं?

मामा : उभं राहणं.

त्याने हे इतक्या सरळपणे म्हटलं की मला पुढचं बोलणं सुचेना. नंतर मी त्याला गुआन यूच्या देवळाची मांडणी सांगितली. तो माणूस मेल्यावर वाढत गेला. एकेका राजवटीने त्याला पदव्या दिल्या आणि 1614 मध्ये मिंग सम्राट वानलीने त्याला देवांमधला सम्राट केलं. गुआन-दी. सैनिकांचा देव, वचन पाळणाऱ्यांचा देव, आणि वचनावर धंदा चालतो म्हणून व्यापाऱ्यांचाही. देवळात तो मधोमध बसलेला असतो, तांबूस चेहरा आणि लांब दाढी. एका बाजूला त्याचा मुलगा गुआन पिंग शिक्क्याची पेटी धरून, दुसऱ्या बाजूला सेवक चोऊ त्सांग, काळा चेहरा, आणि पातं त्याच्या हातात. या मांडणीत देव स्वतः शस्त्र धरत नाही. या चोऊ त्सांगचा तर जुन्या इतिहासात पत्ताच नाही, तो कथेतून आला. गाभाऱ्यापुढे घोड्यांवर पितळेची नाहीतर लाकडाची शस्त्रं लावतात : परशू, सोनेरी टरबुजाची गदा, लेखणी धरलेला हात, चंद्रकोरीची पाती. देवाची पालखी निघाली की हीच शस्त्रं माणसांच्या खांद्यांवर पुढे चालतात आणि सर्वांत पुढे दोन फलक, ‘शांत रहा’ आणि ‘वाट सोडा’. आपल्याकडे पालखीपुढे अब्दागिरी आणि चवऱ्या चालतात, तसंच. पात्यावरचे ते सात ठिपके म्हणजे सप्तर्षी. चिनी लोक त्यांना उत्तरेचं पळं म्हणतात आणि शस्त्रावर कोरले की अमंगळ दूर राहतं असं मानतात.

मामा : बरं. काम मिळालं. ‘नकली’ मागे घेतो. आता साल काढ. ती अक्षरं वाच.

मी : दोन जोड्या वाचता येतात. खाली ‘चिंग फंग’, म्हणजे आदराने अर्पण. त्याच्यावरचं अर्पण करणाऱ्याचं नाव पुसलंय. सर्वांत वर दोन अक्षरं : ‘कंग त्झ’.

इथे माझा ताबा सुटला, हे मान्य करायला हवं. कंग त्झ हे वर्षाचं नाव आहे. चिनी कालगणनेत आपल्या संवत्सरांसारखंच साठ वर्षांचं चक्र असतं आणि प्रत्येक वर्षाला जोडनाव. कंग त्झ म्हणजे धातूचा उंदीर. आणि चीनच्या इतिहासात कंग त्झ म्हटलं की आधी आठवतं ते 1900. बॉक्सर बंडाचं वर्ष. बंडातली माणसं भाले आणि लांब पाती घेऊन परदेशी बंदुकांसमोर उभी राहिली, आणि अंगात देव आला की गोळी लागत नाही असं मानत होती. अंगात येणाऱ्या त्या देवांत गुआन यूही होता. 14 ऑगस्टला आठ राष्ट्रांच्या फौजा पेकिंगमध्ये शिरल्या, त्यात ब्रिटिशांच्या हिंदी पलटणी होत्या. मग लूट, आणि लुटीचे लिलाव. सातव्या राजपूत पलटणीतले ठाकूर गदाधर सिंह तिथून परतल्यावर ‘चीन में तेरह मास’ हे पुस्तक लिहितात, 1902 मध्ये, आणि त्या लुटीने त्यांना झालेला त्रास लपवत नाहीत. मला सगळं दिसायला लागलं : देऊळ, सैनिक, जहाज, मुंबईची गोदी, चोर बाजार.

मामा : साठ वर्षांचं चक्र म्हणालीस ना?

मी : हो.

मामा : मग 1840 सुद्धा कंग त्झ. आणि 1960. आणि 2020. चार सालं आहेत, तुला एकच का दिसलं?

मी : कारण त्या सालाने...

मामा : कारण त्या सालाची गोष्ट चांगली आहे. मघाशी मी धातूशी थांबलो, आता तू गोष्टीशी थांबलीस. एकेक काढू. 2020 आधी काढतो. नवीन वस्तूला जुनं दाखवायला आम्लाचा हात देतात, त्याने हिरवी पूड येते, बोटाने निघते. इथे खाचांत हिरवं आहे पण घट्ट बसलंय, आणि त्याच्यावर काजळी बसलीय. आधी गंज, मग धूर. हा क्रम बनवायला कुणी बसणार नाही, एवढ्या भावात तर नाहीच. आता 1840. हा पत्रा आठ ठिकाणी मोजला, 1.6च्या खाली-वर हलत नाही. हाताने ठोकलेला पत्रा इतका एकसारखा येत नाही. हा रुळांतून काढलेला गिरणीचा पत्रा. 1840 मध्ये विलायतेत असा पत्रा निघत होता, जहाजांच्या तळाला मारायला मुंत्झ मेटल 1832 पासून मिळायचं. पण चीनमधल्या देवळाच्या कासाराला तो सहज मिळेल असं मला वाटत नाही. अशक्य म्हणत नाही. बाजूला ठेव.

मी : मग राहिलं 1900.

मामा : आणि 1960.

मी : 1960 मध्ये चीनमध्ये देवळाला शस्त्र अर्पण करण्याची परिस्थितीच नव्हती. देवळं बंद होत होती, देशात दुष्काळ होता. आणि सहा वर्षांत सांस्कृतिक क्रांती सुरू होऊन उरलेल्या मूर्तीही फुटल्या.

मामा : चिनी लोक काय फक्त चीनमध्ये राहतात?

मी : (जरा वेळाने) नाही.

मामा : लूट असती तर ही काजळी एवढी जाड का? 1900 मध्ये अर्पण केलं आणि त्याच ऑगस्टमध्ये लुटलं, तर धूर बसायला मिळाले सहाच महिने. नंतर कधीतरी तिथून विकून आलं असेल, तर मग तुझा सैनिक गेला. ‘चायना’ असा ठसा कुठे आहे का?

मी : नाही. अमेरिकेने 1891 पासून आयात वस्तूंवर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे तिकडे विकायला केलेल्या वस्तूंवर तो असतो. इथे नाही. पण न सापडलेल्या ठशाने फार काही ठरत नाही.

मामा : न ठरू दे. देवासाठी केलं होतं, विकायला नाही, याच्याशी ते जुळतं एवढंच.

मी उठून चहा ठेवला. चहा उकळत असताना मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आला आणि इतका वेळ आपण चीनमध्ये काय शोधत होतो असं वाटलं. माझगावला नवाब टँकजवळ एक चिनी देऊळ आहे, सी यिप कून. 1919 मध्ये बांधलेलं. सी यिप म्हणजे चार तालुके, दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातले. तिथली जहाजावर काम करणारी माणसं माझगावच्या गोदीजवळ वसली आणि त्यांनी ते उभं केलं. देव कोण? क्वान कुंग. दक्षिणेच्या उच्चारात गुआन यूच. आता तिथे थोडीच कुटुंबं उरली आहेत. 1962च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे 3000 चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यात बहुतेक आसाम, दार्जिलिंग, कलकत्त्याकडचे होते, पण मुंबईतही अनेक कुटुंबांनी दुकानं आवरली आणि देश सोडला. घर सोडताना लोक काय विकतात, काय देऊन टाकतात, याची कुठे नोंद होत नाही.

मी हे सगळं मामाला सांगितलं, आणि हेही सांगितलं की हे पातं त्या देवळातलं आहे असं म्हणायला माझ्याकडे एकही पुरावा नाही. 1960 मध्ये मुंबईतल्या एखाद्या चिनी घराने, एखाद्या संघाच्या खोलीतल्या देव्हाऱ्यापुढे ते उभं केलं असू शकतं. सिंगापूर किंवा पिनांगहून जहाजाने आलं असू शकतं. 1900चंही असू शकतं.

मामा : झिलई हातानेच केलीय, पण झाळकाम बघ, खोबणीच्या आत टिपका सांडलाय. आपल्याकडचे तांबट असाच टिपका सोडतात.

मी : म्हणजे इथे बनलं?

मामा : म्हणजे टिपका सांडलाय. जास्त बोलत नाही. (गप्प बसतो.) त्या पालखीपुढच्या शस्त्रांचं तू काय म्हणालीस? एकेक असतात का?

मी : नाही, जोडीने. डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. नक्षी दोन्हींची लोकांकडे, म्हणजे एकमेकांच्या उलट...

मामाने चष्मा काढला. मी बोलायची थांबले.

मामा : ती दुसरी. तिच्यावर सात ठिपके या बाजूला होते. धार उजवीकडे धरली की ठिपके समोर यायचे. मी म्हटलं, कारागिराने चुकून उलट कोरलंय. विकणारा 200 रुपये कमी करत होता तरी घेतली नाही मी.

मी : अक्षरं होती तिच्यावर?

मामा : होती. नीट होती, झिजलेली नव्हती. मला वाचता येत नव्हती म्हणून मी बघितली नाहीत.

दोघांनी एकदमच घड्याळाकडे पाहिलं. रात्रीचे साडेनऊ. मामाने चिंचेचं भांडं उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, पातं धोतराच्या फडक्यात गुंडाळलं, काजळीला हात लागू नये म्हणून ड्रॅगनच्या तोंडाशी कापूस लावला.

मामा : सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. दोन तिकिटं बघ मिळतात का. आणि तुझी ती चिनी डिक्शनरी घे बरोबर, मोठी.